वेडे ठरवलेले

(दृश्य: नवा राजवाडा, सकाळचं कोवळं ऊन. घड्याळाचा मनोरा.)

कोल्हापुरात पाहुणे आले की अंबाबाईचं दर्शन, मग नवा राजवाडा, मग रंकाळा. क्रम ठरलेला. काळ्या घडीव दगडाचा हा राजवाडा 1877 साली बांधायला घेतला आणि 1884 साली पुरा झाला. मधल्या सात वर्षांत ज्यानं तो आखला तो गेला, आणि ज्यांच्या गादीसाठी बांधला ते महाराजही गेले. दोघांच्या नावाला एकच शब्द चिकटला.

(दृश्य: टाऊन हॉल, सीपीआरच्या कमानी, सावकाश.)

आखणारा मेजर चार्ल्स मँट. कोल्हापुरात फिरताना या माणसाला चुकवताच येत नाही. टाऊन हॉल त्याचा. शेजारचं सीपीआर, म्हणजे जुनं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तेही त्याचं. राजाराम महाराज 1870 साली इटलीत फ्लॉरेन्सला वारले. तिथं आर्नो नदीकाठी त्यांच्या पुतळ्यावर जी छत्री आहे, तिचा आराखडासुद्धा मँटचाच. बडोद्याचा लक्ष्मीविलास त्यानं आखला, पण पुरा झालेला बघितला नाही. दगडाच्या वजनाचा हिशेब आपला चुकलाय, सगळं कोसळणार, या एकाच विचारानं त्याला पछाडलं होतं, असं सांगतात. 1881 साली तो गेला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

(दृश्य: भिंतीतला सांधा, अगदी जवळून. एक हात त्यावरून फिरतो.)

हा सांधा बघा. नख शिरत नाही.

(दृश्य: जुना राजवाडा, भवानी मंडप. कबुतरं.)

आता महाराज. चौथे शिवाजी. 1871 साली दत्तक आले तेव्हा आठ वर्षांचे. विशी गाठायच्या आतच त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, असं सरकारनं ठरवलं. 1882 साली कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट, म्हणजे महाराजांच्या वतीनं राज्य बघणारे, झाले. राज्याचे कारभारी होते माधवराव बर्वे. महाराजांचा छळ होतोय, त्यात बर्व्यांचा हात आहे, अशी पत्रं पुण्यात पोचली आणि केसरी-मराठ्यानं त्यावर झोड उठवली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. ऑक्टोबर 1882 मध्ये दोघं सुटले ते हिरो होऊनच. शाळेच्या पुस्तकात आपण हे 101 दिवस पाठ करतो. ज्यांच्यासाठी ते झाले, त्या पोराचं पुढं काय झालं, हे पुस्तकात येत नाही.

(दृश्य: नगरचा किल्ला, बाहेरून. खंदक, बाभळी.)

महाराजांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. आज तो लष्कराकडे आहे. लोक येतात ते 1942 साली नेहरू जिथं कैदेत होते त्या खोल्या बघायला. त्याच्या साठ वर्षं आधी याच तटाच्या आत हा विशीतला राजा होता. दवाखाना नव्हे, किल्ला. देखरेखीला गोरे शिपाई. 25 डिसेंबर 1883 ला ग्रीन नावाच्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय वर्षं वीस. तीन महिन्यांनी, 17 मार्च 1884 ला, कागलच्या घाटग्यांचा यशवंत दत्तक आला. तेच शाहू महाराज.

(दृश्य: राजवाड्याचा दर्शनी भाग. सहलीची मुलं रांगेनं आत जातात.)

कोल्हापुरात हा विषय काढला की माणूस पहिलं वाक्य बोलतो, "महाराज वेडे नव्हतेच, इंग्रजांनी ठरवलं." असेलही. आम्हीही याच वाक्यापासून सुरुवात केली होती. पण समजा, खरंच आजारी असले तर? मग तो मार चालतो? एवढ्या वर्षांत आपण त्यांच्या नावावरचा वेडाचा डाग पुसत बसलो. तो डाग आहे, हे मात्र इंग्रजांइतकंच आपणही मानलं. मँटच्या बाबतीत ते करायची गरज नाही, तो साहेब. त्याचा किस्सा आपण हसत सांगतो.

(दृश्य: मध्यवर्ती बसस्थानक, फलाट. एसटीची पाटी: रत्नागिरी.)

महाराज गेल्यावर तीन वर्षांनी, 1886 साली, रत्नागिरीत वेड्यांचं इस्पितळ निघालं. आज राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्याकडं "ह्याला रत्नागिरीला धाडा" ही शिवी त्यातून आली. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, गोळ्या मिळतात. दाखल करून ठेवायचं म्हटलं की मात्र मलकापूर, आंबा घाट, साखरपा. त्याआधी बहुतेक घरांत नरसोबाच्या वाडीला नेऊन झालेलं असतं, कुणी गाणगापूरही केलेलं असतं. "बाहेरचं आहे" म्हणून दोन-चार वर्षं सहज जातात.

(दृश्य: बसच्या आत. निवेदन कमी.)

खिडकीला मुलगा, मध्ये आई, कडेला मामा. मुलाला कडेला बसवत नाहीत. फाईल कॅरीबॅगेत, कॅरीबॅग आईच्या मांडीवर. आंब्यात गाडी लागते म्हणून तिनं लिंबू आणलंय. मुलगा ते हातात घेऊन वास घेतो, परत देतो. पुन्हा मागून घेतो.

कंडक्टर येतो. "तीन रत्नागिरी," मामा सांगतो. "येताना किती?" असं कंडक्टर विचारत नाही.

(दृश्य: घाट. धुकं.)