समाईक पेटी, समाईक घर

(दृश्य: ठाणे, येऊरचा पायथा. जूनमधली पहाट, पावसाची रिपरिप.)

पहाटे साडेपाचला या घरातला पहिला दिवा लागतो तो प्रार्थनेच्या खोलीत. दाराबाहेर पाच जोड चपला एका ओळीत काढलेल्या असतात आणि आत पाच सिस्टर चटईवर बसून स्तोत्रे म्हणत असतात. एक चरण या बाजूच्या दोघींनी म्हणायचा, पुढचा समोरच्या तिघींनी. एक सिस्टर वसईची, दोघी केरळच्या, एक मंगळूरची आणि सर्वांत धाकटी झारखंडची. त्यामुळे प्रार्थना इंग्रजीत होते, जेवताना बोलणे हिंदीत चालते आणि उंबरठ्याबाहेरचे सगळे जग मराठीत भेटते. आपले आणि आपल्या संस्थेचे नाव या चित्रफितीत येऊ नये, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. ती आम्ही पाळली आहे.

कॉन्व्हेंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी इमारत, उंच फाटक आणि शाळेची घंटा येते. हे घर मात्र तीन खोल्यांचे आहे. मागे चिंचोळे परसू आहे आणि त्याला लागून एका गृहसंकुलाची भिंत.

कॅथलिक धर्मभगिनी तीन व्रते घेते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. चर्चच्या कायद्यानुसार तिला आधी निदान बारा महिने नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे उमेदवारीत, काढावे लागतात, त्यानंतर किमान तीन वर्षे मुदतीची व्रते पाळावी लागतात आणि मगच आयुष्यभराची व्रते घेता येतात. यांपैकी दारिद्र्याच्या व्रताविषयी बाहेर सर्वाधिक गैरसमज आहेत, असे चित्रीकरणाच्या दिवसांत आम्हाला पुन्हा पुन्हा जाणवले. उपाशी राहणे किंवा फाटके नेसणे असा त्याचा अर्थ होत नाही. हाती आलेले काहीही आपले एकटीचे मानायचे नाही, हा त्याचा अर्थ आहे. शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार, नर्स असलेल्या सिस्टरचा पगार, कोणी सणाला हातात ठेवलेले पाकीट, सारे समाईक पेटीत जमा होते आणि जिला जशी गरज असेल तसे त्या पेटीतून दिले जाते.

(दृश्य: जेवणाचे टेबल, त्यावर जाड पुठ्ठ्याची वही.)

महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री ही वही उघडते. रिक्षाचे पैसे, बसचे पैसे, तापाच्या गोळ्या, केरळला आईकडे पाठवलेली भेट, सगळे सर्वांसमक्ष वाचले जाते. आम्ही होतो त्या रविवारी धाकटीने नवा रेनकोट मागितला. सुपीरियर, म्हणजे घराच्या प्रमुख, सिस्टरांनी जुना मागवून घेतला, दिव्याखाली उलटा धरून त्याची उसवलेली शिवण पाहिली आणि शिवून घेतला तर आणखी एक पावसाळा निघेल असा निर्णय झाला. धाकटीचा चेहरा क्षणभर उतरला, हे कॅमेऱ्याने टिपले आहे आणि तिच्या परवानगीने आम्ही ते ठेवले आहे, कारण पाच निरनिराळ्या वयांच्या बायकांनी एका पेटीत संसार करणे सोपे असते असा समज आम्हाला पसरवायचा नाही.

याच वहीच्या मागच्या पानांवर गेल्या चार वर्षांपासून तीन जादा रकाने आहेत: विजेचे युनिट, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला ते, आणि घराबाहेर गेलेल्या कचऱ्याच्या पिशव्या.

हे रकाने आले एका परिपत्रकामुळे, म्हणजे पोपच्या जाहीर पत्रामुळे. पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर सही केली. आपल्या समाईक घराची, म्हणजे पृथ्वीची, काळजी हा त्याचा विषय. त्याच्या ४९व्या परिच्छेदात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा असे म्हटले आहे, आणि २११व्या परिच्छेदात तर थेट घरात शिरून सांगितले आहे की प्लास्टिक आणि कागद कमी वापरा, पाणी जपा, कचरा वेगळा करा, खाल्ले जाईल तेवढेच शिजवा, नको असलेले दिवे बंद करा. २०२१ साली व्हॅटिकनने धर्मसंघ, धर्मग्राम (पॅरिश), शाळा आणि कुटुंबे यांच्यासाठी सात वर्षांचा कृती उपक्रम सुरू केला, तेव्हा या घरानेही आपला आराखडा केला. एरवी फायलीत पडून राहिला असता असा हा कागद इथे वहीत उतरला, कारण वही आधीपासून होती. समाईक पेटीचा हिशेब ठेवणाऱ्या हातांना समाईक घराचा हिशेब परका वाटला नाही.

परिपत्रकाचे नाव आले आहे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या तेराव्या शतकातल्या स्तोत्रावरून, ज्यात सूर्याला भाऊ, पाण्याला बहीण आणि धरतीला बहीण व माता म्हटले आहे. ठाणेकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण ते स्तोत्र रचल्यावर शंभर वर्षे होण्याच्या आतच फ्रान्सिस यांच्या संघाचे चार धर्मबांधव ठाण्यात पोहोचले होते आणि १३२१ साली याच गावात त्यांना मृत्यू आला. पोर्तुगीज किनाऱ्याला लागण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

(दृश्य: परसू. निळे पिंप, गोणपाट, पालापाचोळ्याची पोती.)

आराखड्यातले पहिले काम फसले. स्वयंपाकघरातला ओला कचरा पिंपात साठवून खत करायचे ठरले आणि पंधरा दिवसांत पिंपात अळ्या झाल्या, वास भिंतीपलीकडे गेला आणि संकुलातून तक्रार आली. वसईच्या थोरल्या सिस्टरांचे बालपण केळीच्या वाडीत गेले आहे. दोष त्यांच्या लक्षात आला. भाज्यांची साले आणि शिळे अन्न ओलेगच्च असते, त्यात नत्र भरपूर असते, पण हवा खेळायला जागा नसते. त्याच्या जोडीला सुका पालापाचोळा पडला नाही तर ते कुजण्याऐवजी सडते. पाला हवा होता, आणि तो भिंतीपलीकडे रोज झाडून जाळला जात होता. सिस्टरांनी संकुलाच्या वॉचमनकाकांना गाठले. आता आठवड्याला चार-पाच पोती पाला भिंतीवरून इकडे येतो, खत झाल्यावर दोन पोती तिकडच्या कुंड्यांसाठी परत जातात आणि जाळण्याचा धूर थांबला आहे. तक्रार करणाऱ्या आजी स्वतः डबाभर साले घेऊन फाटकाशी येतात.

(दृश्य: येऊरची चढण.)

शनिवारी दोन सिस्टर येऊरच्या पाड्यांवर जातात. हे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहेत आणि इथे वारली व महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अंगणवाडीत ज्या मुलांचे वजन घसरले असेल त्यांच्या घरी नर्स सिस्टर जातात. क्षयरोगाचे औषध घेणाऱ्यांकडे सहा महिन्यांत एकही खाडा पडू नये म्हणून पुन्हा पुन्हा जातात. रुग्णाला उपचाराच्या काळात पोषणासाठी सरकारकडून दरमहा १००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात येतात आणि खाते नसले की अडते. नर्स सिस्टरांच्या पिशवीत म्हणूनच रक्तदाबाच्या यंत्राशेजारी खाते उघडण्याचे अर्ज असतात.

हे काम धर्मभगिनींना नेहमीच खुले होते असे नाही. ऑस्ट्रियाच्या डॉक्टर अ‍ॅना डेंगेल यांनी रावळपिंडीत पाहिले की पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून बायका उपचारांविना मरतात. त्यांनी १९२५ साली मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला, पण व्रतस्थ स्त्रियांना प्रसूतीचे वैद्यकीय काम करण्याची परवानगी रोमने १९३६ मध्ये दिली.

पाड्यावर शिकवणे एकतर्फी चालत नाही. पहिल्या पावसानंतर इथल्या बायका शेवळे ही रानभाजी खुडून जांभळी नाक्याच्या बाजारात विकायला नेतात. धाकट्या सिस्टरने एकदा हौसेने जुडी आणून तशीच शिजवली आणि पाचही जणींचे घसे खाजले. पुढच्या शनिवारी पाड्यावरच्या एका मावशींनी तिला चुलीपाशी बसवून दाखवले: दांड्याचा कोणता भाग टाकायचा, काकडाची आंबट फळे ठेचून त्यांचा रस कसा घालायचा, आणि कंद जमिनीतच का ठेवायचा. कंद राहिला तर पुढच्या जूनला शेवळे उगवतात. “पोटापुरते न्यायचे, सिस्टर, आणि मूळ राखायचे,” असे मावशी सहज म्हणाल्या. धाकटीने हे रात्री प्रार्थनेत मोठ्याने सांगितले.

या कामाला काही ठिकाणी प्राणांची किंमत मोजावी लागली आहे, हे पाचही जणींना माहीत आहे. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलात छोट्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिस्टर डोरोथी स्टँग यांची १२ फेब्रुवारी २००५ रोजी गोळ्या घालून हत्या झाली. झारखंडच्या पाकुड जिल्ह्यात कोळशाच्या खाणीमुळे विस्थापित होणाऱ्या संथाळांसोबत राहणाऱ्या सिस्टर वालसा जॉन यांना १५ नोव्हेंबर २०११ रोजी मारण्यात आले. धाकटी सिस्टर तेव्हा शाळेत होती. सिस्टर वालसा यांचा फोटो तिच्या प्रार्थनापुस्तकात आहे. तो तिने आम्हाला दाखवला आणि त्यावर काही बोलली नाही.

या घरात सहावी खाट रिकामी आहे. केरळमधूनही आता पूर्वीइतक्या मुली येत नाहीत, आणि थोरल्या सिस्टरांचे गुडघे चढण चढू देत नाहीत. त्यांनी पिंपाचे काम स्वतःकडे ठेवले आहे.

(दृश्य: रात्र. जोराचा पाऊस.)

नऊ वाजता दिवसाची शेवटची प्रार्थना होते आणि त्यानंतर सकाळपर्यंत घरात मौन असते. थोरल्या सिस्टर छत्री आणि बॅटरी घेऊन परसात जातात, पिंपाचे झाकण उचलतात आणि मनगटापर्यंत हात आत घालून पाहतात. आत ऊब असली की काम नीट चालले आहे. आज ऊब आहे. त्या गोणपाट पुन्हा पसरतात, झाकणावर वीट ठेवतात, पागोळीखाली हात धुतात आणि मागचा दिवा बंद करतात.