नानांची वही

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षबागेचं वय महिन्यांत कुणी सांगत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजायचे. बांधावर दोघं भेटले की पहिला प्रश्न, "बाग किती दिवसांची?" समोरचा म्हणतो "अठरा" किंवा "अडतीस", आणि तेवढ्यावरून कळतं की त्याच्याकडे फेलफूट, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढणं चाललंय की बाग फुलोऱ्यात आहे. आमच्या शेजारच्या बागेचे नाना गेले त्या दिवशी त्यांची बाग ४१ दिवसांची होती.

त्या आठवड्यात रात्रीच्या लाईटची पाळी होती. मध्यरात्री लाईट आली तसे नाना उठले, स्वेटर चढवला, कानाला मफलर गुंडाळला आणि विहिरीवर गेले. पहाटे त्यांच्या सूनबाईंना जाग आली तर अंथरूण रिकामं. स्टार्टरच्या पेटीखाली नाना बसलेले होते, पाठ भिंतीला टेकलेली, बॅटरी मांडीवर. मोटार चालूच होती. ड्रिपनं पाणी बागेला नीट जात होतं.

दोन दिवस ते छातीत जळजळतंय म्हणत होते. पित्त असेल, घडांची विरळणी उरकली की दाखवू डॉक्टरला, असं म्हणून लिंबूपाणी पीत राहिले. हे मी मुद्दाम सांगतेय. तुमच्या घरात कुणी साठीच्या पुढचं माणूस छातीत जळजळतंय, डावा हात भरून आलाय, दरदरून घाम फुटलाय असं म्हणालं, तर काम उरकायची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. द्राक्षावर भुरी रोगाचा एक डाग दिसला तर आम्ही रात्रीच्या रात्री ट्रॅक्टर बाहेर काढतो. नानांच्या छातीसाठी मात्र आमच्यापैकी कुणी गाडी काढली नाही. मीसुद्धा नाही. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले होते आणि तेव्हाही ते छातीवर हात फिरवत होते.

नाना कधी सरपंच नव्हते, सोसायटीचे चेअरमन नव्हते. साडेचार एकर बाग, थोडा उन्हाळ कांदा, दोन गाई, एवढाच पसारा. तरी कादवेच्या काठावर त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. दिंडोरीची माणसं होती, चांदवडची होती. पेठ तालुक्यातून विरळणीची टोळी पिकअपमधून आली होती, दुसऱ्याच्या बागेतला त्या दिवसाचा रोज बुडवून. त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "नाना औषध मारल्या दिवशी आम्हाला बागेत येऊ द्यायचे नाहीत. पाला वाळेस्तोवर बाहेर बसा म्हणायचे. आन् रोज पुरा द्यायचे." हंगामाच्या घाईत ओल्या फवाऱ्याखाली बायकांना उभं करणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मला या गोष्टीची किंमत कळते.

नानांची आणि माझी ओळख खरी झाली ती माझे यजमान वारले त्या वर्षी. तोवर मी बागेत डबा घेऊन जात होते, एवढंच. भाऊबंद म्हणाले, बाग खंडानं देऊन टाक, बाईमाणसाचं काम नाही. ऑक्टोबर छाटणी आठ दिवसांवर आली होती. नाना बांध ओलांडून आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि खिशातून कात्री काढून माझ्यासमोर ठेवली. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पातं घासून घासून अरुंद झालेलं. म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी सातला. पहिली शंभर झाडं तू बिघडवणार. बिघडव. माझ्या बागेतली बिघडव, तुझ्यातली नको."

आणि खरंच त्यांनी मला त्यांच्या दोन ओळी छाटायला दिल्या. काडी हातात घ्यायची, डोळे मोजायचे, सबकेन, म्हणजे शेंडा खुडल्यावर बाजूनं वाढवलेली काडी, असेल तर गाठीपाशी नजर लावायची, फळधारक डोळा कुठं आहे ते ओळखायचं आणि त्याच्या पुढं कात्री लावायची. एक डोळा अलीकडं कापलं तर घड जातो. त्या दोन ओळींत मी कितीतरी घड घालवले. नाना मागून येत होते, बघत होते, एकदाही कात्री माझ्या हातातून घेतली नाही. त्या वर्षी त्या दोन ओळींचा माल निम्माही निघाला नाही, आणि ते नुकसान त्यांनी कधी कुणासमोर बोलून दाखवलं नाही.

आता वहीबद्दल सांगते.

दोनशे पानी वही, वर्तमानपत्राचं कव्हर, दोऱ्याला बांधलेलं पेन. पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. त्यात रोज एक ओळ. बाग किती दिवसांची, पहाटे थंडी किती, दव पडलं का, ढग होते का, कुठलं औषध, किती लिटर पाणी, मजूर किती. अशा वह्या बरेच जण लिहितात. नानांच्या वहीत वेगळं होतं ते हे, की ते स्वतःच्या चुका लाल पेनानं लिहायचे. "डिपिंग दोन दिवस उशिरा. मणी लांबला नाही." "पेस्ट पातळ झाली, डोळे मागंपुढं फुटले." "घड जिरले, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, चूक माझी." डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, पेस्ट म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावतात ते औषध. आणि ही वही कुणीही उघडून वाचावी. खोलीला कुलूप नव्हतंच. आपल्या भागात चांगला माल काढणारा माणूस डोसचा कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

२०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. कितीतरी घरं कर्जात गेली. त्या वर्षीच्या वहीत एका पानावर फक्त लाल शाई आहे. त्या पानानंतर प्रत्येक औषधापुढं एक आकडा दिसायला लागतो, फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं त्याचा. या अंतराला पीएचआय म्हणतात, तो शब्द मी पहिल्यांदा त्या वहीत वाचला.

ओझरला १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी खायच्या द्राक्षांची बाग लावली, असं आपल्याकडे सांगतात. तिथून हे पीक बांधावरून बांधावर गेलं. पुढं संशोधन केंद्रं आली, बागायतदार संघ आला, चर्चासत्रं आली, त्यांचं मोठेपण आहेच. पण डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम कसं बांधायचं हे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी नानांच्या शेजारी उकिडवं बसून शिकलंय.

२०१९ चा ऑक्टोबर आठवतो ना? पाऊस थांबतच नव्हता. बाग पोंग्यातून, म्हणजे डोळे नुकते फुटलेल्या अवस्थेतून, बाहेर पडत होती आणि डाऊनी या बुरशीच्या रोगानं गाठलं. चिखलात ट्रॅक्टर रुतत होता, फवारणी करणार कशी? रात्री नऊला नाना आले, अंगावर खताच्या गोणीची खोळ, हातात बॅटरी. त्यांनी एक पान उलटं केलं. वरून तेलकट पिवळा डाग, खालून कापसासारखी पांढरी बुरशी. म्हणाले, "हे वरच्या कोपऱ्यातूनच चाललंय. रोगट फुटी काढून बागेच्या बाहेर न्यायच्या, आत्ता." मी, माझा मुलगा, नाना आणि त्यांचा मुलगा, चौघांनी पहाटेपर्यंत घमेली भरभरून पाला बाहेर नेला. सकाळी पाठीवरचे पंप लावून फवारलं. माझी बाग अर्धी वाचली. त्यांची स्वतःची त्या वर्षी निम्म्याहून जास्त गेली. ती रात्र त्यांनी स्वतःच्या बागेत घालवली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी त्यांना विचारू शकले नाही. आता विचारायचा राहिलाच.

२०२३ च्या २६ नोव्हेंबरला गारा पडल्या तेव्हा मात्र मी त्यांना रडताना पाहिलं. फुटलेले घड हातात घेऊन ते ओळीत उभे होते. वहीत त्या दिवशी एवढंच आहे: "गारा. वीस मिनिटं." दुसऱ्या दिवशीची ओळ आहे, फवारणीची.

आता त्यांची बाग. मणी धरले होते, विरळणी दारात होती, आणि ही कामं सुतकासाठी थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेऊन गेले, तर आधीच अकरा जण ओळींत शिरलेले. पेठची टोळी परत गेलीच नव्हती. ज्यांच्या स्वतःच्या बागा ४०-४५ दिवसांच्या होत्या, विरळणी तोंडावर होती, तेसुद्धा आळीपाळीनं येत राहिले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

दशक्रियेच्या दिवशी बाग ५० दिवसांची झाली. नदीवरून परत आल्यावर नानांच्या सूनबाईंनी पंपाच्या खोलीतून वही आणली. शेवटची ओळ ४० व्या दिवसाची, नानांच्या अक्षरात. पुढं कोरं. त्या म्हणाल्या, "मधले दिवस राहून गेले. दव कधी होतं, कधी नव्हतं, मला काहीच आठवत नाही."

ओट्यावर आम्ही सात-आठ जण बसलो होतो. एकानं खिशातून आपली वही काढली. दुसऱ्यानं मुलाला घरी पिटाळलं आणि वही मागवली. माझी पिशवीतच होती. आम्ही पानं उलटत सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. दिवस ४२, पहाटे धुकं. दिवस ४३, दव जास्त, थंडी वाढली. दिवस ४६, ढग, संध्याकाळी निवळलं.

४१ व्या दिवसाची ओळ माझ्या वहीत होती. मी वाचून दाखवली: "निरभ्र. दव नाही. नाना गेले."

सूनबाईंनी ती तशीच उतरवून घेतली आणि खाली लिहिलं, "पाणी दिलं, चार तास."