मस्टरवर नाव नसलेल्या

लालबाग-परळच्या चाळींतील दहा बाय दहाच्या एकेका खोलीत पंधरा-वीस पुरुषांच्या वळकट्या असत. बायकामुले गावी ठेवून कोकणातून आणि घाटावरून आलेले हे गिरणी कामगार तिथे मावत, कारण त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या होत्या. त्यांच्या जेवणाची सोय करणारी बाई बहुधा त्याच चाळीत राहत असे. तिला खानावळवाली म्हणत.

गिरणीच्या आत बायका नव्हत्या असे नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई असे, आणि सुताची रिळे भरणे हे प्रामुख्याने त्यांचेच काम होते. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला; मात्र पुढील दशकांत कामगारकपात सुरू झाली, तेव्हा कुऱ्हाड आधी बायकांच्या खात्यांवर पडली. काम गेलेल्या, नवरा गमावलेल्या किंवा एका पगारात भागत नसलेल्या बाईला चाळीत राहून करता येण्याजोगा धंदा एकच उरे.

पहाटेच्या पाळीचा भोंगा होण्याआधी तिच्या भाकऱ्या थापून झालेल्या असत. परातीत पीठ, शेजारी पाण्याचे भांडे, स्टोव्हवर तवा आणि दाराशी ओळीने मांडलेले डबे. ही पाळी सुटेपर्यंत पुढच्या पाळीची आमटी चढलेली असे. कामगार पैसे द्यायचा ते महिन्याने, पगार झाल्यावर. वाणी मात्र तेवढे थांबत नसे, म्हणून ती सावकाराकडे जाई, आणि गहाण ठेवायला तिच्यापाशी बहुधा मंगळसूत्रच असे. गिरणगावाचा संप वाण्याच्या उधारीवर आणि या बायकांच्या गहाण सोन्यावर चालला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

गोवा मुक्तिसंग्रामातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हा हिशेब ओळखला. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि तारणाला काहीही नसलेल्या खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. सावकाराऐवजी बँकेत जाऊन अंगठा उठवणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबत गेला तशी माणसे वळकट्या गुंडाळून गावाकडे परतू लागली. पगारवाढ आणि बोनस मागणाऱ्या मागणीपत्रात खानावळीची उधारी कुठेच नव्हती.