दोन ठोक्यांमधली जागा

अंधारी खोली. गरोदर बाईची डॉप्लर सोनोग्राफी चाललीय. पोटावर जेल, त्यावरून सावकाश फिरणारा प्रोब. पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं, मग त्यात लाल-निळं काहीतरी वळवळतं. ही नाळ.

लाल म्हणजे शुद्ध, निळं म्हणजे अशुद्ध रक्त, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. रक्त प्रोबकडे येतंय की लांब चाललंय, एवढंच हे रंग सांगतात.

तत्त्व जुनं. १८४२ साली ख्रिश्चन डॉप्लर यांनी ते मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांबद्दल. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा लागतो, लांब गेली की उतरतो. इथे प्रोबने सोडलेला आवाज धावत्या रक्तपेशींवर आपटून परततो. त्याची पट्टी किती बदलली, त्यावरून मशीन वेग काढतं. नाळेवर हे १९७७ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी करून दाखवलं.

आता पडद्याच्या खालच्या भागाकडे बघा. करवतीचे दाते. एक दाता म्हणजे बाळाच्या हृदयाचा एक ठोका. नजर टोकांकडेच जाते, पण वाचायची असते ती दोन टोकांमधली दरी. नाळेच्या धमन्या बाळाचं रक्त वारेकडे, म्हणजे प्लासेंटाकडे नेतात. हृदय क्षणभर विसावतं, तेव्हाही ते रक्त पुढे सरकत राहायला हवं. इथे सरकतंय. दरी तळरेषेच्या बरीच वर आहे.

बाळ हललं. लाट विस्कटली. अशा वेळी घेतलेला आकडा कामाचा नाही, म्हणून हात थांबलाय. आमचा कॅमेराही थांबला.

हा दुसरा आलेख. वारेतल्या बारीक वाहिन्या निकामी होत गेल्या की अडथळा वाढतो आणि दरी खचते. इथे ती रेषेला टेकली.

आणि इथे रेषेच्या खाली. रक्त उलटं फिरलंय.

हे बाळाचं डोकं. टंचाईत बाळ रक्त आधी मेंदूकडे वळवतं, म्हणून मेंदूची ही धमनीही तपासतात.

सरसकट प्रत्येक गरोदर बाईला याचा फायदा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण रक्तदाब चढलेला असेल, बाळाची वाढ मागे पडली असेल, तर ही तपासणी जीव वाचवते. तिथे ती टाळायला कुठलंच कारण पटत नाही. प्रवाह उलटला, तर सहसा ३२ आठवड्यांपुढे थांबत नाहीत. सिझेरियन, मग काचेची पेटी.

पुन्हा पहिली खोली. आवाज जरा वाढवू.