दिल्ली ते टोकियो: जाताना साडेसात तास, येताना सव्वानऊ

दिल्लीचा विमानतळ आणि टोकियोचा हानेदा. पृथ्वीच्या गोळ्यावर या दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा थेट पूर्वेला जात नाही. तो ईशान्येकडे निघतो, हिमालय ओलांडतो, तिबेटच्या पठारावरून चीनमध्ये शिरतो आणि मग हळूहळू वळत जपान गाठतो. लांबी सुमारे ५,८६० किलोमीटर. वैमानिकाच्या भाषेत ३,१६५ सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो; तो साधा मैल समजून १.६०९ने गुणलात, तर साडेसातशेहून जास्त किलोमीटर हिशेबातून गळतात.

पण विमान सहसा या दोऱ्यावरून जात नाही. त्याचं कारण आहे तुमच्या डोक्यावरच्या झाकणाआड, पिवळ्या मास्कमध्ये. केबिनमधला दाब गेला की मास्क खाली पडतात. बहुतेक विमानांत त्यांचा ऑक्सिजन पंधरा मिनिटांच्या आसपास पुरतो. तेवढ्या वेळात विमानानं साधारण ३,००० मीटरपर्यंत उतरायचं, म्हणजे मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या घरात. उतरणार कुठे? म्हणून वाट दक्षिणेकडून, म्यानमार आणि दक्षिण चीनमधल्या कुनमिंग शहराच्या बाजूनं वळसा घेते. हा वळसा वाया गेलेलं इंधन नव्हे, प्रवाशांचा श्वास आहे.

आता वारा. जपानवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं फुगे सोडून तो मोजला आणि १९२६मध्ये त्याची माहिती एस्परान्तो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केली. हिवाळ्यात हा वारा ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो.

हिशेब करून पाहू. वळशासह वाट ६,२०० किलोमीटर धरा, विमानाचा वेग ताशी ९००, आणि संपूर्ण वाटेवर वाऱ्याची सरासरी १००. मागून वारा असेल, तर ६ तास १२ मिनिटं. समोरून असेल, तर ७ तास ४५ मिनिटं. वारा तोच, फरक दीड तासाचा! त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि गेटपर्यंतचा वेळ मिळवा. वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो, नुसता हवेतला नाही.

तिकिटावर मात्र दोन्ही वेळा स्थानिक असतात. जपानचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे, बाराही महिने. समजा, दिल्लीहून रात्री ८ला निघून सकाळी ७ला पोचलात. दिसतात अकरा तास. साडेतीन वजा करा, उरले साडेसात. परतताना सकाळी ११ला निघून दुपारी पावणेपाचला दिल्लीत. दिसतात पावणेसहा, इथे साडेतीन मिळवायचे. सव्वानऊ तास.