आर्यनला गाडी लावलीय

आज येताना किती जणांनी गाडी ‘आर्यन’ला लावली? बघा, निम्मे हात वर! वाहनतळाच्या पाटीवर नाव काही का असेना, आपल्या तोंडी आर्यनच. आता सांगा, तिथे बसून सिनेमा किती जणांनी पाहिलाय? तीन. पुढचे आजोबा दोन्ही हात वर करतायत, म्हणजे साडेतीन धरू.

7 फेब्रुवारी 1915. मंडईला तेव्हा रे मार्केट म्हणत. तिच्या शेजारी गंगाधरपंत पाठकांनी आर्यन उघडलं. पुण्यातलं पहिलं सिनेमागृह ते हेच. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. मूकपट म्हणजे चिडीचूप अंधार, असं आपल्याला उगाच वाटतं. त्या काळी पडद्यापाशी पेटी-तबला चाले, पाट्या येत त्या वाचता येणारा शेजारच्यांना मोठ्यानं वाचून दाखवी, आणि रीळ बदलायला खेळ थांबला की गप्पांना ऊत. थोडक्यात, शेजारच्या मंडईइतकाच गलका!

पण मला आज बोलायचंय ते एकाच सिनेमाबद्दल. बरोबर पाच वर्षांनी, 7 फेब्रुवारी 1920 ला, आर्यनमध्ये बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ लागला. कोल्हापूरचा हा चित्रकार. कॅमेरासुद्धा घरचा, स्वतः तयार केलेला. गोष्ट कीचकवधाची. आणि पुण्यात कीचक म्हटलं की नुसतं महाभारत आठवत नसे. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या माणसालाही कळत होतं. सरकारला जरा उशिरा कळलं, आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर मरताना पाहून लोकांना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. वधाचं दृश्य इतकं अंगावर येई की पुढे त्याला कात्री लागली. लोकमान्यांनी सिनेमा पाहिला आणि पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. त्याच वर्षी 1 ऑगस्टला लोकमान्य गेले.

बोलपट आले, ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्यात आली, नवी देखणी थिएटरं झाली. आर्यन म्हातारं झालं. पुढे पाडलं. शेजारच्या मिनर्व्हाचंही पार्किंगच झालं. वाडा पडला की आपण हळहळतो, सिनेमागृह पडलं तर ‘चला, गाडीची सोय झाली’. मीही तेच म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू?

परवा मेथीच्या दोन जुड्या हँडलला अडकवून तिथून निघत होतो. पावती फाडणाऱ्या पोराला विचारलं, “याला आर्यन का म्हणतात, माहितेय?” तो म्हणाला, “मालकाच्या मुलाचं नाव असेल, काका.” मागचा हॉर्न वाजवायला लागला, म्हणून मी सुटे पैसे दिले आणि गाडी काढली.