भिंत बघायला पावसात जा

नमस्कार श्रोतेहो.

काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक. नागपूरच्या आसपासच्या या गावांमध्ये हल्ली कुणाला ना कुणाला गावाच्या तोंडाशी मोठं भित्तिचित्र हवं असतं. कधी नगरपरिषदेला, कधी शाळेला, कधी एखाद्या पतसंस्थेला. मी नागपूरच्या महाल भागात राहतो, भित्तिचित्रं रंगवतो. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, चित्र कायचं काढता?" मी विचारतो, "गच्चीचं पाणी कुठून उतरते?" मग पलीकडचा माणूस जरा गप्प होतो.

भिंत बघायची ती भर पावसात. जुलैमध्ये छत्री घेऊन जायचं आणि तिच्यासमोर निवांत उभं राहायचं. कठड्यावरून ओघळ कुठे येतात, पाइप कुठे फुटलाय, नालीचं पाणी किती उंच उडतं, सगळं तेव्हाच कळतं. डिसेंबरात तीच भिंत अगदी गुणी दिसते. पायथ्याशी पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. ओल बाहेर पडताना क्षार घेऊन येते आणि वरचा रंग आतून ढकलून सोडवते, मग रंग कितीही भारी असो. शंका असली तर दीड फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी मारून रात्रभर भिंतीला लावून ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब साचलेले दिसले, तर आधी गवंडी बोलवा. चित्रकाराचं काम नंतर.

गवंड्यानं नवं प्लास्टर केलं, की लगेच रंग लावायचा नाही. ताज्या सिमेंटमध्ये अल्कली जास्त असते. ती काही रंगद्रव्यं खाऊन टाकते आणि ऑइल पेंट असेल तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करते. आधी पाणी मारायचं, मग सुकू द्यायचं, असे निदान 28 दिवस. "26 जानेवारीला उद्घाटन आहे, पंधरा दिवस आधी प्लास्टर करून देतो न," असं सांगणारे भेटतातच! म्हणून तारखा उलट्या मोजा. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात निघून जातो. दिवाळीच्या सुमारास प्लास्टर झालं, तर डिसेंबरात प्रायमर मारून हिवाळाभर निवांत रंगवता येतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो आणि पश्चिमेची भिंत तर तव्यासारखी तापते. रंग भिंतीवर पसरायच्या आत ब्रशवरच सुकतो. मे महिन्यात काम घ्यायचंच असेल, तर पहाटे पायाडावर चढायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत उतरायचं.

रंग म्हणाल तर बाहेरच्या भिंतीसाठी बनवलेलं ॲक्रिलिक इमल्शनच घ्या. दोन हातांना एका लिटरमध्ये साधारण 50 ते 60 चौरस फूट धरा. गेरू आणि पिवळी माती ही लोहाची ऑक्साइडं, ती उन्हाला दाद देत नाहीत. भडक नारिंगी, गुलाबी मात्र लवकर विटतात. आता आपल्या भागात चित्र म्हटलं की संत्रं आलंच. मी संत्र्याखाली आधी पिवळ्या मातीचा जाड थर देतो आणि वर नारिंगीचा पातळ हात फिरवतो. वरचा हात उडाला तरी फळ फळासारखं दिसतं. आणि बाबांनो, नागपुरी संत्र्याची साल गरापासून सुटलेली असते, फळ किंचित चपटं असतं. इंटरनेटवरचा चकचकीत गोल माल्टा काटोलच्या भिंतीवर काढाल, तर बागवाला बाजारात चारचौघांत विचारेल, "हे कोन्या बहाराचं आहे जी?"

विषय ठरवायला समिती बसते. वाघ पाहिजे, संत्रं पाहिजे, गाडगेबाबा पाहिजेत, तुकडोजी महाराज पाहिजेत, मेट्रोही पाहिजे. मेट्रो नागपुरात असली तरी! एका भिंतीवर एकच गोष्ट मावते, हे समितीला सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. भिंतीचा फोटो काढून त्यावर कच्चं चित्र चढवा, प्रिंट रस्त्याच्या पलीकडे धरा आणि बसच्या खिडकीतून बघितल्यासारखं दोन सेकंद बघा. जे दिसत नाही ते गाळा. "यांच्या सौजन्याने" अशी पाटी आणि नेत्याचा चेहरा तर चित्रात नकोच. आचारसंहिता लागली की तेवढ्यावर कागद तरी चिकटतो, नाहीतर चुना फिरतो.

खालच्या तीन फुटांचा विचार वेगळा करा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाऊन थुंकणारं गाव आहे आपलं. कोपऱ्यावर देवाच्या टाइल्स लावायचा उपाय सगळीकडे दिसतो, मला तो पटत नाही. देवाला राखणदार कशाला करायचं? मी खाली गडद गेरूचा पट्टा ठेवतो, त्यावर धुता येणारं पारदर्शक कोटिंग देतो आणि बारीक काम कंबरेच्या वर सुरू करतो.

पैशाची बोलणी चौरस फुटावर अडकतात, कारण कार्यालयाला पुट्टीचं बिल काढायची सवय असते. आराखड्याचं मानधन वेगळं लिहून घ्या, पायाड आणि प्रायमर कुणाच्या खर्चात ते लिहा, बयाणा हातात आल्याशिवाय ब्रश उचलू नका.

करारात चित्रकाराचा हक्कही लिहा. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं. सरकारनंच करून घेतलेलं. 1979 मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं आणि त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. कलाकृतीची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागता येते, असं कॉपीराइट कायद्याचं कलम 57 सांगतं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याखाली निकाल दिला: उरलेले भाग शिल्पकाराला परत करा, वर 5 लाख रुपये द्या. आपली भिंत एवढी मोठी नसते, पण कलम तेच लागू होतं. भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाली, तर आधी चित्रकाराला लेखी कळवायचं, ही ओळ करारात असू द्या. आणि कराराला प्रत्येक रंगाचा शेड नंबर लिहिलेला कागद जोडा, म्हणजे एखाद्या पावसाळ्यानंतर कोपरा उडाला तर गावातलाच पेंटर तो नंबर दुकानात दाखवून डबा आणेल.